प्रेक्षकांविना सामना

फुटबॉलच्या मैदानावर जाऊन फुटबॉल सोडून बाकी सगळं बघणारा माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा कोण असावा, हे काही आपल्या हातात नसतं. कुणाला साडू तहसीलदार मिळतो, कुणाला डॉक्टर मिळतो, गेलाबाजार सिमेंटच्या दुकानाचा मालक तरी मिळतो. माझे साडू गावच्या फुटबॉल मंडळाच्या शिस्त समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांना सगळं गाव 'सर' म्हणतं, कारण जुन्या जालन्यातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर पोरांना पळवलं. माझी बायको त्यांना 'दाजी' म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. सामना सुरू झाला की खेळाडू, पंच, झाडून सगळे प्रेक्षक, एवढंच काय भिंतीवर बसलेलं मांजरसुद्धा चेंडूकडे बघतं, आणि हे मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत बसतात. कुणाच्या काखेत बॅनरची गुंडाळी आहे, कोण ती उलगडायच्या बेतात आहे, कोण कुणाच्या कानाला लागून हसतो आहे, यावर त्यांची नजर. गोल झाल्याचं त्यांना लोकांच्या तोंडावरून कळतं. एकदा मी विचारलं, "दाजी, कोण जिंकलं?" तर म्हणाले, "ते म्हायती न्हाई, पण बॅनर एकबी वाईट न्हाई निघाला. लई चांगला सामना झाला."

जालना म्हटलं की लोकांना लोखंडी सळया आठवतात, नाहीतर बियाण्यांच्या पिशव्या. इथं फुटबॉल खेळतात असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग 'क्रिकेट म्हणायचंय का?' असं विचारतो. पण खेळतात. जुन्या जालन्यातली पोरं बापाच्या आणि आज्याच्या काळापासून खेळत आली आहेत, आणि एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये बंगाल-झारखंडकडून आलेले कामगार तर भट्टीसमोरची पाळी संपवून तसेच मैदानावर उतरतात. मस्तगडच्या पलीकडे हे मैदान आहे. एका बाजूला गेट, बाकी सगळीकडून डोक्याच्या वर जाणारी भिंत, आणि भिंतीला लागून लोकांची घरं. दर हिवाळ्यात तिथं स्पर्धा होते. बसायला पायऱ्या नाहीत, प्यायला पाणी नाही, पण बॅनर मात्र भरपूर. आमच्याकडे माणूस उपाशी राहील, पण फ्लेक्स छापल्याशिवाय राहणार नाही.

शिस्त समिती जन्माला आली ती वरून आलेल्या एका परिपत्रकामुळे. प्रेक्षकांनी मैदानात आक्षेपार्ह राजकीय बॅनर झळकावला तर पहिल्या वेळी ताकीद आणि दुसऱ्या वेळी त्या संघाचा पुढचा सामना प्रेक्षकांविना, असं त्यात म्हटलं होतं. मंडळातल्या बाकीच्यांनी ते वाचलं आणि चहा मागवला. आमच्या कित्येक सामन्यांना तसेही प्रेक्षक नसत, त्यामुळे ही शिक्षा आहे की वस्तुस्थिती, हेच कुणाला कळेना. दाजींनी मात्र ते तोंडपाठ केलं. समितीत तिघे होते. त्यांतले एक वारले, दुसरे लेकीकडे नाशिकला राहायला गेले, आणि तिसरी जागा दाजींची, ती तेवढी राहिली. तेव्हापासून समितीची बैठक म्हणजे दाजी एकटे. गेटाजवळच्या टपरीवरच्या बाकावर बसून, घसा खाकरून ते विषय मांडत, थोडा वेळ विरुद्ध बाजूनं बोलून बघत, आणि मग टपरीवाल्याला सांगत, "एकमतानं मंजूर झालं बरं का." टपरीवाला मान डोलावून कप विसळायला घेई. एकदा तर त्यांनी स्वतःच मांडलेला ठराव स्वतःच फेटाळला होता. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

पण गेटवर उभे राहिले की हाच माणूस वेगळा दिसे. आत जाणारा प्रत्येक बॅनर ते उलगडून, दोन्ही टोकं धरायला लावून, मागं सरकून वाचत. संघाचं कौतुक असेल तर "जाऊ द्या." समोरच्या संघाची टिंगल असेल तर "जाऊ द्या, पण खालची ओळ दुमडा." पुढाऱ्याची स्तुती असेल तर "हे मैदान हाय, सभा न्हाई." आणि जातीवरून, आईबहिणीवरून किंवा कुणाच्या मरणावरून काही लिहिलेलं असेल तर ते एक अक्षर बोलत नसत. गुंडाळी करून स्वतःच्या काखेत मारत आणि आणणाऱ्याकडे असे बघत की तो मुकाट्यानं आत जाऊन बसे. एकदा एक जण म्हणाला, "सर, आम्ही फक्त मजाक करून राह्यलो." दाजी म्हणाले, "ज्याच्यावर केला तो हसन का? मंग न्या आत."

मैदानाबाहेरही बॅनर त्यांना सोडत नसे. त्यांना स्कूटरवर मागं बसवून कुठं न्यायचं म्हणजे माझ्या जिवावर येई. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला की पाठीवर थाप पडे. "थांबा, साडूभाऊ." मग आम्ही रहदारीच्या मधोमध उभे राहून तो फ्लेक्स वाचायचो. वर मोठा साहेब, त्याखाली मधला साहेब, मध्ये उत्सवमूर्ती गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा. दाजी अगदी शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या मुंडक्यापर्यंत सगळी नावं मोठ्यानं वाचत. मागं ट्रकवाला हॉर्न बडवत असे आणि मी घामाघूम होत असे. एकदा मी वैतागून म्हणालो, "कामून वाचता एवढं? त्यांचे बापबी वाचत नसतील." तर म्हणाले, "म्हणून तर. त्या कोपऱ्यातल्या पोरानं फोटो काढून घेतला, पैसे दिले, उभा राहून बघत असन कुठंतरी की आपल्यापाशी कुणी थांबतंय का. आपण थांबलो तर काय बिघडलं?"

आमच्या घरी टीव्हीवर परदेशातला सामना बघायला आले तरी तेच. युरोपातले एवढे मोठमोठे खेळाडू लाखमोलाचे पाय घेऊन पळत असत आणि दाजी ओरडत, "थांबवा, थांबवा!" कारण कॅमेरा एक क्षण प्रेक्षकांवरून फिरलेला असे. मग चित्र गोठवून ते टीव्हीला नाक लावून तिथले बॅनर बघत. भाषा जर्मन की इटालियन हे त्यांना कळत नसे, मला तर नसेच नसे. पण त्यांचा निर्णय तयार असे. "ह्याच्यात राग हाय, पण घाण न्हाई. ताकीद." तिकडच्या मोठ्या संघटना असल्या बॅनरसाठी क्लबांना दंड करतात, स्टँड बंद करतात, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. त्यामुळे आपण आणि ते एकाच खात्यात नोकरीला आहोत, अशा सुरात ते त्यांच्याबद्दल बोलत. "त्यायलाबी लई त्रास हाय," असं म्हणून ते सुस्कारा टाकत, आणि माझा सामना तोवर संपलेला असे.

जप्त केलेले बॅनर नष्ट करावेत असा नियम होता. पण चांगला जाड, नवाकोरा फ्लेक्स फाडायचा म्हणजे दाजींना पाप वाटे. त्यांचं मूळ गाव धावडा, भोकरदन तालुक्यातलं. तिथं पुतण्या शेती करतो. दाजी ते फ्लेक्स त्याच्याकडे पाठवून देत, कडब्यावर नाहीतर गोठ्यावर टाकायला. "छापील बाजू खाली," असं बजावून पाठवत. एका वर्षी पुतण्यानं विचार केला की छापील बाजू गुळगुळीत असते, तिच्यावरून पाणी जल्दी ओघळतं. त्याचा विचार चुकीचा नव्हता. त्यानं छापील बाजू वर केली. आणि त्याच पावसाळ्यात आमच्या भागातले पुढारी, जे फुटबॉल मंडळाचेही अध्यक्ष आहेत आणि ज्यांना सगळे 'साहेब' म्हणतात, ते कसल्याशा भूमिपूजनाला धावड्याला गेले. गाडीतून उतरले तर समोर गोठा, आणि गोठ्यावर हातभर अक्षरांत त्यांच्याच नावाचा जाहीर धिक्कार. खाली म्हैस शांतपणे रवंथ करत होती. मैदानात जे चार टवाळ पोरांनी वाचलं असतं ते सगळ्या गावानं पावसाळाभर वाचलं होतं, आणि ते झळकावलं होतं शिस्त समितीच्या अध्यक्षांनी. दाजी तातडीनं टपरीवर गेले, बैठक घेतली आणि स्वतःला ताकीद दिली. "पह्यली वेळ हाय," ते मला म्हणाले, "पण पुढच्या टायमाला सोडणार न्हाई." स्वतःलाच, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

या सगळ्याला एक साक्षीदार होती. माझी मेहुणी, आमच्या अक्का. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रत्येक सामन्याला दाजी दोन घडीच्या खुर्च्या घेऊन जात आणि दुसरीवर अक्का बसत. दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्याही मैदानाकडे पाठ करून बसत आणि मांडीवर कापूस घेऊन वाती वळत. सगळं मैदान एकीकडे बघतं आहे आणि हे नवरा-बायको दुसरीकडे तोंड करून बसले आहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटणार नाही. पण खरी मजा पुढं होती. दाजी लोकांच्या तोंडाकडे बघून, ओरडण्याच्या पट्टीवरून सामना ओळखत आणि अक्कांना सांगत. "आता मिलवाले डावीकडनं चढून राह्यले." अक्का वात वळता वळता म्हणत, "मंग?" "मंग काय, हुकला. बघ कसे बसले खाली लोक." "मंग?" असा आख्खा सामना चाले. न बघितलेला खेळ एक जण सांगतो आहे आणि दुसरीला तो कळत नाही, पण त्या 'मंग?'मध्ये कधी कंटाळा आल्याचं मी ऐकलं नाही. घरीही तसंच. दूधवाल्याशी काय बोलणं झालं, चौकात कुणाचा फ्लेक्स लागला, गुडघा आज कसा आहे, सगळ्या सगळ्याला अक्कांचं "मंग?" असे, आणि त्यावर दाजींची पुढची गाडी निघे.

त्या अक्का गेल्या. फार आजारी न पडता, एका उन्हाळ्यात, कुणाला फारसा त्रास न देता गेल्या. त्यांना तशीच सवय होती. मुलगा-सून पुण्याला असतात. त्यांनी बोलावलं, पण दाजी मस्तगडच्या दोन खोल्यांतून हलले नाहीत. आमच्याकडे मात्र त्यांचं येणं हळूहळू कमी झालं. बायकोनं एकदा रागावून विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझी बहीण होती तवा येणं बराबर होतं. आता कोण्या तोंडानं यावं?" ती रडायलाच लागली. मी रागावून काहीतरी बोललो. सामन्याला ते अजूनही दोन खुर्च्या नेत. दुसरीवर पाण्याची बाटली ठेवत, म्हणजे कुणी बसायला नको. देवापुढं रोज दिवा लावत तो अक्कांनी वळलेल्या वातीचा. इतक्या वर्षांच्या इतक्या सामन्यांच्या वाती डबे भरून पडल्या होत्या, त्या अजून संपल्या नव्हत्या. एकदा त्यांच्याकडे गेलो तर आतून बोलण्याचा आवाज येत होता. दाजी कुणाला तरी सांगत होते की मिलच्या संघात यंदा एक नवा गोलकीपर आला आहे. मी आत गेलो तर घरात दुसरं कुणी नव्हतं. ते थोडे ओशाळले, आणि मी हवेतल्या गारठ्याबद्दल बोलायला लागलो.

गेल्या हिवाळ्यातल्या स्पर्धेत हे सगळं आणखी अवघड झालं. साहेबांचा वाढदिवस स्पर्धेच्या काळातच आला आणि त्यांच्या माणसांनी मैदानाच्या भिंतीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत शुभेच्छांचा फ्लेक्स लावला. दाजींनी शिडी मागवून तो स्वतः काढला. साहेब तेव्हा मोठ्यानं हसले आणि "सर म्हंजे सर" असं चारचौघांत म्हणाले. मग जुन्या जालन्याच्या संघामागं ओरडणाऱ्या पोरांनी एका सामन्यात साहेबांवर एक चावट ओळ लिहून आणली, शर्टाच्या आत लपवून. त्यांना ताकीद मिळाली. आणि उपांत्य सामन्यात, त्यांचा संघ जिंकल्याबरोबर, त्याच पोरांनी तो बॅनर उलगडला. मैदानाला विळखा घालून बसलेला एक अजगर, आणि अजगराच्या धडावर साहेबांचं मुंडकं, गॉगलसकट. कारण असं होतं की पायऱ्या आणि पाण्याचा नळ देतो म्हणून साहेबांनी कितीदा नारळ फोडला होता, आणि मैदान मात्र कधी लग्नाला, कधी फटाक्यांच्या दुकानांना, कधी आनंदमेळ्याला भाड्यानं जात होतं. अजगर फार सुरेख काढला होता. सगळं मैदान खदखदून हसलं. दाजी तेवढे उठले आणि बॅनरच्या दिशेनं चालू लागले.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. स्कूटर माझी असल्यामुळे मीही गेलो. साहेबांनी चहा दिला, दाजींच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग म्हणाले, "सर, ह्या पोरांचा संघ स्पर्धेतून बाद करा. फायनल खेळायला नको. मी पोलिसांतबी देऊ शकतो, पण म्हणलं आधी आपल्या समितीनं काम करावं."

दाजी म्हणाले, "साहेब, नियमात बाद करणं न्हाई. दुसरी वेळ हाय. पुढचा सामना प्रेक्षकांविना."

"माझं मुंडकं अजगराला लावलं, सर!"

"वाईटच केलं. बिलकुल वाईट. म्हणून तर शिक्षा हाय. पण खेळाडूनं कुठं लावलं? ते तर खेळून राह्यले होते."

साहेबांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, पण हसणं बंद झालं. "सर, ह्या स्पर्धेनंतर ही समिती काही राहणार न्हाई. वयबी झालं तुमचं. विचार करा."

"बरं," दाजी म्हणाले आणि उरलेला चहा पिऊन उठले.

संध्याकाळी पोरं दाजींच्या घरी आली. त्यांचा म्होरक्या म्हणजे दाजींचाच जुना विद्यार्थी, आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी तिथंच होतो. तो म्हणाला, "सर, फायनल हाय. आम्हीच न्हाई बघायची? एक सांगा, अजगर खोटा हाय का?"

"अजगर खरा हाय," दाजी म्हणाले.

"मंग?"

त्या शब्दावर दाजी क्षणभर थबकले. मग म्हणाले, "मंग हे, की मैदान मागा. नळ मागा. मोठ्या अक्षरात मागा, मी स्वतः टोक धरून उभा राहतो. पण माणसाचं मुंडकं कापून जनावराला लावू नका रे. आज त्याचं लावलं, उद्या कुणीतरी तुमच्यातल्याच एखाद्याचं लावल, आन् तवा मला थांबवायला तोंड राहणार न्हाई."

"म्हंजे तुम्ही साहेबाचेच," पोरगा म्हणाला, आणि सगळे निघून गेले. जाताना एकानंही नेहमीसारखा दाजींच्या पायाला हात लावला नाही.

साहेबांना दाजी पोरांचे वाटले आणि पोरांना साहेबांचे. टपरीवाल्यानंही त्या आठवड्यात ठराव ऐकून मान डोलावली नाही, कारण प्रेक्षकांविना सामना म्हणजे चहाही कुणी पिणार नव्हतं. मी त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा ते स्कूटरवरून उतरले, पण आत गेले नाहीत. हँडलला हात लावून उभे राहिले.

"साडूभाऊ, एक इचारू? समिती गेली तर मैदानात कोण्या नात्यानं जायाचं हो?"

"कामून? बघायला जा. सगळे जातात."

"मला बघता कुठं येतं," ते म्हणाले. "उभ्या जन्मात बघितलं न्हाई मी. मला तिथं काम होतं म्हणून जात होतो. इथंबी तसंच होतं. ती होती, म्हणून घर होतं."

 साहेबांचं ऐकलं असतं तर समितीही राहिली असती आणि खुर्चीही. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळत होती. मी "उद्या घरी जेवायला या" म्हणालो. ते "बघू" म्हणाले आणि आत गेले.

जुनं जालना विरुद्ध मिल अशा अंतिम सामन्याच्या दिवशी बायकोनं धपाटे आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, दाजी सकाळपासून गेटवर असतील, उपाशी असतील, द्या जाऊन. मी मैदानाजवळ पोचलो तर चाटच पडलो. रस्ता ओस पडला होता, गेट आतून बंद होतं, आणि वर बघावं तर भिंतीला लागून असलेली प्रत्येक गच्ची माणसांनी फुलली होती. जी माणसं जन्मात कधी सामन्याला आली नव्हती ती बंदी आहे म्हणून आली होती. बायका होत्या, म्हातारे होते, कुणीतरी भेळेची गाडी खाली लावून दोरीनं द्रोण वर पाठवत होतं. मिलचे कामगार पाण्याच्या टाक्यांवर चढले होते. टपरीवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आमच्या मैदानाच्या इतिहासात एवढे प्रेक्षक कुठल्याच सामन्याला झाले नसतील. आणि पलीकडच्या गच्चीवरून त्या मोबाइलवाल्या पोरानं एक फ्लेक्स खाली सोडला होता. त्याच्यावर चित्र नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, 'आमच्या मैदानाला नळ द्या'. मोठ्या अक्षरात.

दाजी कुठं दिसेनात. मी भिंतीच्या कडेनं शोधत गेलो तर मागच्या बाजूला, जिथं कुणाची गच्ची नाही तिथं, दोन खुर्च्या मांडून एकटेच बसले होते. शेजारच्या खुर्चीवर पाण्याची बाटली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड मैदानाकडे होतं आणि मध्ये भिंत होती.

"दाजी, तुम्ही आत कामून न्हाई?"

"मी बी प्रेक्षकच की."

"तुम्ही समिती हायत!"

"समितीचं काम निकाल दिल्यावर संपलं. आत खेळाडू हायत, पंच हायत. माझं काय काम? नुसतं बसायचं. नुसता बसणारा म्हंजे प्रेक्षक, आन् प्रेक्षक आत नको हे मीच सांगितलं."

"मंग गच्चीवर तरी चला. पोरांचा राग गेलेला दिसतो. नळाचं लिव्हलंय."

"बघितलं मी. चांगलं लिव्हलंय," ते म्हणाले आणि जरा हसले. "लोकाच्या घरावर आपली हद्द न्हाई, त्यायनं बघावं. पण मी चढलो तर बघायसाठीच चढन ना, साडूभाऊ. ते मला म्हायती हाय."

दूरच्या गच्चीवरून कुणीतरी हाका मारत होतं, "सर, वर या! ओ सर!" दाजींनी हात वर करून नको नको असं केलं. मी डबा पुढं केला. त्यांनी तो मांडीवर घेतला, पण उघडला नाही. भिंतीपलीकडून चेंडूचा धप्प आवाज आला, मग बुटांची धावपळ, मग गच्च्यांवरून एक मोठा 'हाऽऽ' उठला आणि विरला. दाजींनी मान जराशी कलती केली.

"आता मिलवाले डावीकडनं चढून राह्यले," ते म्हणाले.

ते मला उद्देशून नव्हतं. ते भिंतीलाही उद्देशून नव्हतं. एवढं बोलून ते थांबले, आणि थांबलेच. डब्याच्या झाकणावर बोटं तशीच राहिली. इतकी वर्षं मी त्या दोघांना ऐकलं होतं, त्यामुळे ते कशासाठी थांबले आहेत हे मला कळलं.  मी बाटली उचलून खाली ठेवली आणि त्या खुर्चीवर बसलो. दाजींनी माझ्याकडे बघितलं, पण उठा म्हणाले नाहीत.

"मंग?" मी म्हणालो.

 त्यांनी बाहीनं चष्मा पुसला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"मंग काय," ते म्हणाले, "तो नवा गोलकीपर हाय ना, तो पुढं आला. लई पुढं आला. आन् आपल्या पोरानं त्याच्या डोक्यावरनं..."

पलीकडून आता कसलाच आवाज येत नव्हता. दूरच्या गच्चीवर लोक खाली बसले होते, चहाचे कप हातोहात फिरत होते. आत मध्यंतर झालं होतं. दाजी सांगत राहिले, आणि ते जरा थांबले की मी विचारत राहिलो, "मंग?"